बसवून नेलेली माणसं

माझा थोरला भाऊ सुतार आहे, पण वरच्या गावात त्याला सुतार म्हणणारं कोणी उरलेलं नाही. सगळे खुर्चीवाला म्हणतात. मी दादा म्हणते, आणि डोकं फिरलं की मीसुद्धा खुर्चीवालाच म्हणते. त्याने आयुष्यभर दारं केली, खिडक्या केल्या, शाळेची बाकं केली, गिरणीचा खोका केला. नाव झालं ते मात्र एका खुर्चीने.

वरचं गाव म्हणजे डोंगरमाथ्यावरची वस्ती. तिथे गाडी जात नाही. पायवाट वळणं घेत खाली उतरते आणि जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे माझं चहाचं दुकान आहे. लग्न होऊन मी खाली आले ती इथवरच. आमचे हे म्हणतात, "तू माहेर सोडलं नाहीस, नुसती उतरलीस." त्यांचं बोलणं कधीकधी बरोबर असतं, पण ते मी त्यांना कळू देत नाही.

गावात दवाखान्याची एक खोली आहे. बाहेर पाटी, आत खाट आणि दाराला कुलूप. नर्सबाईंना जमेल तेव्हा त्या चढून येतात, बाळांना टोचतात, गरोदर बायांचं पोट तपासतात आणि ऊन तापायच्या आत उतरतात. त्या बिचाऱ्या एकट्या काय करणार, त्यांच्या वाट्याला अशी किती गावं आहेत ते त्यांनाच ठाऊक. बाकी कोणाला काही झालं की चौघांनी उचलायचं, माझ्या दुकानापाशी आणायचं, तिथून दवाखान्याची जीप त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेणार. जीप बोलवायचा फोन माझ्याच दुकानातून जातो. त्यामुळे वरून खाली आलेलं प्रत्येक दुखणं मी पाहिलेलं आहे.

आम्ही लहान होतो तेव्हा खुर्ची नव्हती. माणसाला कांबळ्याच्या झोळीत आडवं घालायचे, झोळी दांड्याला बांधायची आणि निघायचं. मयतही त्याच वाटेने, तसंच आडवं घालून खाली नदीकाठी न्यायचे. दारावरून मयत चाललं की लोक दार लोटून घेतात. आता झोळीतला माणूस आजारी आहे की संपलेला, हे लांबून कोणाला कळणार? आमच्या वडिलांना खाली नेलं तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या एकामागून एक दारं लावत गेल्या. वडील पूर्ण शुद्धीवर होते. प्रत्येक दाराचा आवाज त्यांनी ऐकला. दादा बाजूने चालत होता, त्याला ते म्हणाले, "सगळ्यांनी मला पोचवला बघ." दवाखान्यात गेल्यावर ते फार काळ राहिले नाहीत.

दादा तेव्हा नुकताच मिसरूड फुटलेला. परत आला आणि कोणाशी न बोलता कामाला लागला. उंच पाठीची, रुंद हातांची खुर्ची, पाय ठेवायला फळी, छातीला आणि मांड्यांना जुन्या दप्तरांचे पट्टे, खाली दोन बाजूंना कड्या आणि त्यांतून जाणारे दोन दांडे. उन्हासाठी छत्री अडकवायची सोयसुद्धा केली होती. "जिवंत माणूस बसून जाईल," तो म्हणाला. "येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत जाईल." गावाला ते इतकं पटलं की झोळी पुन्हा कोणी काढलीच नाही. कोणी खुर्चीतून निघालं की लोक दारात येऊन उभे राहायचे, हात हलवायचे, लवकर ये म्हणायचे. आडवं नेणं फक्त मयतासाठी राहिलं.

खुर्ची दादाने दुसऱ्या कोणाच्या ताब्यात दिली नाही. माणूस कोणताही असो, पट्टे तोच आवळायचा. आणि त्याची एक ठरलेली थट्टा होती. उतारावर हिसके बसले की माणूस हमखास कण्हत म्हणायचा, "मला आडवं करा रे." दादा म्हणायचा, "आडवं व्हायची एवढी घाई कशाला? त्याला अजून वेळ आहे." उचलणारे हसायचे. पुष्कळदा दुखणाईतसुद्धा हसायचा. ही थट्टा गावात इतकी मुरली होती की कोणी दुपारी डुलक्या घ्यायला लागलं तरी बायका तेच म्हणायच्या.

आमची वहिनी त्याच खुर्चीत गेली. मूल घरीच दगावलं होतं आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. रस्ता दिसायला लागला तोवर तीही संपली होती. गाव अजून सांगतं, "गेली, पण राणीसारखी बसून गेली." हे ऐकलं की दादाची मान ताठ व्हायची. दुःखात माणसाला धरायला काहीतरी लागतं, त्याने ते धरलं होतं. दुसरं लग्न केलं नाही. बोलावणं आलं की हातातला रंधा खाली ठेवायचा आणि खुर्ची काढायची, एवढंच.

परवापरवापर्यंत मला विचारलं असतं, तुमच्या गावात चांगला माणूस कोण, तर मी डोळे मिटून त्याच्याकडे बोट दाखवलं असतं. आजही दाखवीन. पण आता बोट थरथरतं.

झालं असं की पत्रेवाला शाळेच्या छपरावरून पडला. पत्रेवाला म्हणजे गावातली सगळी छपरं ज्याने शाकारली तो, तोंडाचा फटकळ पण मनाने साधा. सकाळची वेळ होती. चौघं त्याला घेऊन माझ्या दुकानाशी आले ते हसतच. खुर्चीत बसवताना म्हणे त्याने शिव्यांचा असा सपाटा लावला आणि पट्टे बांधताना अशी लाथ झाडली की बुटक्याचा जबडाच सुजला. बुटका म्हणजे उचलणाऱ्यांतला एक, उंचीला सगळ्यांच्या वर, म्हणून बुटका. गालाला हात लावून तो सूज दाखवत होता आणि बाकीचे खिदळत होते.

"लाथ मारतोय म्हणजे ठणठणीत आहे," दादा म्हणाला.

पत्रेवाला काही बोलत नव्हता. पांढराफटक पडला होता. मी चहाचा पेला त्याच्या ओठाला लावला तर त्याने मान फिरवली आणि हळूच विचारलं, "ताई, हे पाय माझेच आहेत ना?"

मी म्हटलं, "इतके मळके पाय दुसऱ्या कोणाचे असणार?"

सगळे हसले. तो हसला नाही. वाटेवर मुंग्या येत होत्या, आता त्याही येत नाहीत, असं तो म्हणाला. बांधून ठेवलं की पाय बधिर होतातच, असं आम्हाला वाटलं.

त्याची बायको माहेरी होती आणि म्हातारे वडील उतरण्यासारखे नव्हते, म्हणून जीपमध्ये दादा बसला. इतकी वर्षं माणसं पोचवली, पण जीपच्या पुढे तो कधी गेला नव्हता. जीपमध्ये जागा नात्याच्या माणसाला. उचलणारे रस्त्यावरून परत फिरतात. मी माझ्या साखरेच्या आजाराच्या गोळ्यांसाठी त्या दवाखान्यात जाते, कुठला दरवाजा कुठे उघडतो ते मला माहीत आहे, म्हणून दुकान यांच्या गळ्यात घातलं आणि मीही चढले.

दवाखान्यात त्याला चाकांच्या खाटेवर घेतलं, फोटो काढायला नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. फिनाइलचा वास, भिंतीवर हात धुण्याचं चित्र, कोपऱ्यात गळका नळ. दादा बाकाचे जोड तपासत होता, खिळे मारलेत म्हणून नाक मुरडत होता. मग डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, डोळ्यांखाली काळं, हातात तो काळा फोटो.

"पडल्यावर पाय हलत होते का यांचे?" त्यांनी विचारलं.

"हलत होते?" दादा हसला. "एकाचा जबडा सुजवलाय त्याने लाथ मारून."

बाई हसल्या नाहीत. "नक्की? लाथ मारली?"

"नक्की म्हणजे काय, बाई. मी पट्टा आवळत होतो तेव्हाच मारली."

"कसला पट्टा? त्यांना आणलं कशावरून तुम्ही?"

दादा सावरून बसला. कोणीतरी विचारावं याची तो जणू इतकी वर्षं वाट बघत होता. खुर्ची कशी आहे, पाठ किती उंच ठेवली आहे, दांडे कुठून जातात, पट्टे कुठे आवळतात, सगळं त्याने हातांनी हवेत काढून दाखवलं. "कितीही उतार असो, माणूस खुर्चीतून घसरत नाही," तो म्हणाला. "मान पडली तर मानही बांधतो."

"म्हणजे सगळा डोंगर बसवून उतरवलं?"

"जिवंत माणसाला आम्ही बसवूनच आणतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

बाई आमच्याशेजारी बाकावर बसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी फोटो खिडकीकडे धरून दाखवला. पाठीचा मणका मोडला होता. आत पायांकडे जाणारी जी दोरी असते ती पडल्यावर शाबूत होती, म्हणून लाथ बसली. मग त्याला बसवलं, आवळलं, उतारावर हिसके बसले आणि मोडलेल्या हाडाने दोरी चेपली. फळीवर आडवं, सरळ, न हलवता आणायला हवं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता पाय परत येतील असं मी सांगू शकत नाही."

मळक्या पायांची थट्टा मी त्याच सकाळी केली होती. मी दादाकडे बघितलं. मला वाटलं तो भांडेल, नाही म्हणेल. तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याने जे विचारलं त्याची मला कल्पनाच नव्हती.

"आणि बाळंतीण? रक्त जात असेल तर?"

"आडवं. पाय वर. बसवलं तर आहे ते रक्त खाली राहतं, डोक्याला पोचत नाही. घेरी येते, शुद्ध जाते..."

"मान पडते," दादा म्हणाला.

"हो."

"माझ्या बायकोची पडली होती. मी कपाळाला फडकं लावून खुर्चीच्या पाठीला बांधली. सरळ राहावी म्हणून."

आपल्याच भावाच्या तोंडून हे ऐकताना मला समोरची भिंत दिसेनाशी झाली. मग बाई म्हणाल्या की दम लागलेला, छातीत पाणी झालेला माणूस बसवूनच आणायचा असतो, तसे कितीतरी तुमच्या खुर्चीने वाचले असतील. आणि उतार इतका लांबचा, की आडवं आणलं असतं तरी सगळेच वाचले असते असं नाही. हे त्या खरंच सांगत होत्या, समजूत घालायला नाही. पण दादाला ते ऐकू जात नव्हतं.

"सगळे सांगत होते," तो म्हणाला. "एकूण एक. आडवं करा, आडवं करा. अंगालाच कळत होतं त्यांच्या. आणि मी हसवत होतो त्यांना."

मग माझा तोल गेला. मी बाईंना म्हटलं, "इतकी वर्षं माणसं येतात आमची. तुमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, बाबांनो, येता कसे?"

"जीपमध्ये त्यांना आडवं करतात," बाई म्हणाल्या. "आमच्या दारात सगळे आडवेच येतात. आम्ही लिहितो, उशिरा आणलं. मी इथे नवीन आहे, पण जुनी असते तरी कदाचित मीही विचारलं नसतं."

"वर येऊन बघायला कोणाच्या पायाला मेंदी लागली होती?"

त्यांनी मान खाली घातली. त्या पोरीवर राग काढून काय उपयोग होता, हे मला बोलतानाच कळत होतं. पण राग कोणावर तरी निघतोच, आणि ज्यांनी खरं तर ऐकायला हवं होतं ते त्या बाकावर कधी बसत नाहीत.

बाईंनी सामानाच्या खोलीतल्या माणसाला बोलावलं. त्याने कुलूप काढलं. आत भिंतीला टेकून घडीची स्ट्रेचरं उभी होती, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. डोंगरावरच्या गावांसाठीच आलेली.

"मागायला कोणी आलंच नाही," तो म्हणाला.

जे आहे हे माहीतच नाही ते मागायचं कसं, हे मी विचारणार, तोवर दादा आत शिरला होता. दादाने एक स्ट्रेचर खांद्यावर टाकलं. मोडलेला माणूस कसा सरकवायचा, बाळंतिणीचे पाय कसे ठेवायचे, कोणाला बसवायचं आणि कोणाला नाही, हे बाईंनी त्याला एकेक करून दाखवलं. शाळेतल्या पोरासारखा तो ते परत परत म्हणून दाखवत होता.

परतल्यावर मी त्याच्याकडेच राहिले. यांनी फोनवर विचारलं, दूध नासलंय, काय करू. मी म्हटलं, काहीही करा. दादा जेवायला बसायचा आणि तसाच उठायचा. स्ट्रेचर दाराआड उभं होतं. खुर्ची अंगणात होती, तिच्याकडे तो पाठ करून बसायचा.

"सांग ना गावाला," मी म्हटलं.

"काय सांगू? ज्या घरात सांगायला जाईन, त्या घरातलं माणूस मी घालवलं असं सांगायचं. अशी घरं किती आहेत तुला माहीत आहे."

"मग तेवढं नको सांगूस. सरकारचा नवा नियम आला म्हण. उद्यापासून स्ट्रेचर, संपलं."

त्याने ते करून बघितलं. चावडीवर स्ट्रेचर उघडून ठेवलं आणि नियम आला म्हणून सांगितलं. लोक लांबूनच बघत राहिले. बुटका म्हणाला, "दादा, हे तर मयताचं आहे." एका म्हाताऱ्याने नातवाला मागे ओढलं. कोणीतरी म्हणालं, आमच्याकडे तुमची खुर्ची असताना हे अभद्र कशाला? त्यांचं काय चुकलं? आडवं म्हणजे मेलेलं, हे त्यांना शिकवलं कोणी? दादाने स्ट्रेचर मिटलं आणि घरी आणलं.

आणि मग गिरणवालीची सून बाळंत झाली.

गिरणवाली काकू म्हणजे गावातली पिठाची गिरणी चालवणारी बाई. नवरा लवकर गेला, तिने एकटीने मुलं वाढवली आणि तिच्या शब्दाला गावात सगळे वचकून असतात. नर्सबाईंनी तिला आधीच बजावलं होतं की सुनेला दिवस भरायच्या आत खाली न्या. काकू म्हणाली होती, वेळ आली की खुर्ची आहे. मूल घरीच झालं, मुलगी, चांगली रडली. पण सुनेचं रक्त थांबेना. दुपारी उचलणारे धावत आले, दादाकडे बघितलंसुद्धा नाही, अंगणातली खुर्ची उचलली आणि पळाले. इतक्या वर्षांची सवय. दादाने स्ट्रेचर घेतलं, मी त्याच्यामागे धावले.

आम्ही पोचलो तेव्हा सुनेला खुर्चीत बसवलं होतं. ओठ पांढरे झाले होते. बुटका पट्टा शोधत होता. अंगणात अर्धा गाव गोळा झाला होता.

"तिला उतरवा," दादा म्हणाला. "यावर घ्या."

काकू आडवी आली. मूल तिच्या छातीशी होतं. "माझी सून जिवंत आहे. तिला मी आडवी नेऊ देणार नाही."

"काकू, वेळ नाही. नवीन नियम आहे."

"नियम तुझ्या घरी ठेव. माझी लेकसुद्धा बाळंतपणात याच खुर्चीतून गेली. तूच बसवलीस. वाचली नाही, पण बसून गेली, माणसासारखी. लोकांनी दारं लावली नाहीत तिच्यावर."

सुनेची मान एका बाजूला कलंडली. बुटक्याने ती हाताने सरळ केली. ते दादाने पाहिलं.

"बसून गेली म्हणूनच गेली," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अंगणातल्या सगळ्यांना तसंच वाटलं असणार, कारण कोणी हललं नाही.

"काय म्हणालास?"

"रक्त जाणाऱ्या बाईला बसवायचं नसतं. आडवं करायचं, पाय वर करायचे. मी बसवलं. तुझ्या लेकीला मी बसवलं, माझ्या बायकोला मी बसवलं. पत्रेवाल्याचे पाय चालत होते, ते मी बांधून घालवले. मला कळत नव्हतं. दवाखान्यात कळलं, आणि इतके दिवस मी तोंड मिटून बसलो. आता हिलाही बसवलंत तर रस्ता येईतो ही राहणार नाही."

"माझी लेक वाचली असती?"

त्याला ‘कदाचित’ म्हणता आलं असतं. बाई तेच म्हणाल्या होत्या. पण ‘कदाचित’ म्हटलं असतं तर काकू हटली नसती, हे त्याला कळलं आणि मलाही कळलं.

"वाचली असती," तो म्हणाला.

मागे कोणीतरी हुंदका दिला. कोणीतरी दादाला शिवी दिली, फार हळू, जणू देणाऱ्यालाच खात्री नव्हती. उचलणाऱ्यांतल्या एकाने हातातला दांडा खाली ठेवला आणि तो भिंतीला धरून बसला. त्याचा भाऊ याच खुर्चीतून गेला होता, आणि पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता. इतक्या माणसांचे चेहरे एकाच वेळी असे उतरताना मी कधी पाहिले नव्हते. प्रत्येक जण आपापल्या घरातलं कोणीतरी आठवत होता.

काकूने मूल माझ्याकडे दिलं. दादाजवळ गेली आणि त्याच्या थोबाडीत मारली. आवाज सगळ्या अंगणात ऐकू गेला. मग ती वळली, खुर्चीपाशी खाली बसली आणि सुनेच्या मांडीवरून पट्टा ओढून काढला.

"पाय किती वर ठेवायचे?" तिने विचारलं.

दादाने दाखवलं. घरातल्या उशा आल्या, गोधड्या आल्या. सुनेला आडवं केलं. बुटका एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला. जो भिंतीशी बसला होता तोही उठला आणि त्याने बाजू धरली. मूल मी परत काकूच्या हातात दिलं आणि ती सगळ्यांच्या पुढे निघाली.

गल्लीत वळताच पहिलं दार लागलं. त्या घरच्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी आडवं माणूस पाहिलं आणि दार लोटलं. काकूने त्या दारावर थाप मारली. "दार उघड. जिवंत आहे ती." पुढच्या दारावरही तेच, त्याच्या पुढच्याही. ती ओरडत नव्हती, गिरणीत दळण न्यायला बोलावते तशी बोलत होती. दारं उघडली. लोक उंबऱ्यात उभे राहून बघत राहिले, हात कोणी हलवला नाही.

वाटेत सुनेने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दादाने ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले. निघताना मी यांना फोन केला होता, त्यामुळे जीप माझ्या दुकानाशी उभी होती, काकू सुनेच्या उशाशी बसली आणि तिने दार ओढून घेतलं. दादाकडे तिने बघितलं नाही.

सून वाचली. हे मला पुढे फोनवर कळलं आणि मी दुकानात उभ्या उभ्या रडले. आमचे हे घाबरून स्टोव्ह बंद करायला धावले.

दादासाठी मात्र खरी कसोटी तिथून पुढे सुरू झाली. एकेक जण त्याच्या दारात येऊ लागला. येऊन बसायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि मग विचारायचे, आमच्या म्हाताऱ्याचं काय? आमच्या थोरलीचं? दादा आठवायचा. दम लागला होता, त्यांना बसवलं ते बरोबर होतं, असं कोणाला सांगताना त्याचा आवाज थोडा सुटायचा. बाकीच्यांना सांगायचा, आडवं न्यायला हवं होतं, मला कळलं नाही. कोणी उठून जायचं, कोणी तसंच बसून राहायचं. काही घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पत्रेवाल्याच्या वडिलांनी तर तोंड फिरवलं, तरी दादा रोज त्यांच्याकडे जातो आणि चाकाची खुर्ची आत यावी म्हणून दाराचा उंबरा काढून चौकट रुंद करतोय. म्हातारा त्याला अडवत नाही आणि पाणीही विचारत नाही.

मी म्हटलं, "पुरे आता, चल माझ्याकडे खाली." तो म्हणाला, "अजून सगळे यायचेत."

मग एका सकाळी, मी दादाकडे आलेली असताना, काकू आली. दादा उठून उभा राहिला. ती अंगणातच थांबली. सून बरी आहे म्हणाली, मूल रात्रंदिवस रडतं म्हणाली. मी आत चहा ठेवला होता, तो उतू जातोय हे मला दिसत होतं आणि मी हलत नव्हते.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"नकोच करूस," दादा म्हणाला.

"सुनेला आज वर आणायचंय. अजून चालवत नाही तिला. तूच चल. तिला कसं आणायचं ते त्या बाकीच्यांना कळत नाही अजून."

दादाने चपला शोधल्या आणि तिच्यामागे निघाला.